आगबोटीवरील अधिकारी आणि इतिहासाची शिकवण

किनाऱ्यावरील कचेरींत एखाद्या अधिकाऱ्याचा निर्णय चुकला, तर बहुधा त्याची दुरुस्ती उद्यां करतां येते. भर समुद्रांतील व्यापारी आगबोटीवर ही सवड नसते. वीस-पंचवीस माणसें, हजारों टन माल आणि चहूंकडे पाणी. एवढ्याशा जगांत जो हुकूम सुटेल त्याचें फळ सर्वांना तत्काळ भोगावें लागतें. आज उपग्रहाच्या साह्यानें कंपनीशीं केव्हांही बोलतां येतें हें खरें. परंतु सल्ला देणारा किनाऱ्यावर असतो आणि लाट जहाजावर आदळते. म्हणून नेतृत्व म्हणजे काय, हें जाणून घेण्यास दर्याचा इतिहास ही मोठी उपयुक्त शाळा आहे. त्या शाळेंतील दोन-तीन धडे येथें पाहूं.

पहिला धडा नित्याच्या दिवसांचा. १७६८ सालीं जेम्स कुक हा इंग्रज नाविक ‘एंडेव्हर’ जहाज घेऊन दक्षिण समुद्राकडे निघाला. तो मूळचा व्यापारी जहाजांवरचाच माणूस. विटबी बंदरांतील कोळसा वाहणाऱ्या जहाजांवर उमेदवारी करून तो वर चढला होता. ‘एंडेव्हर’ हेंही आधीं कोळशाचेंच जहाज होतें. त्या काळीं लांबच्या सफरींत ताज्या भाजीपाल्याच्या अभावीं स्कर्व्हीचा रोग जडे, हिरड्या सुजत आणि धट्टेकट्टे खलाशी गलितगात्र होऊन मरत. यावर उपाय म्हणून कुकनें आंबवलेला कोबी बरोबर घेतला होता. पण खलाशांना तो नकोसा वाटे. याच सफरींत मदीरा बेटाशीं ताजें मांस नाकारणाऱ्या दोघांना त्यानें फटक्यांची शिक्षा दिली होती. कोबीच्या बाबतींत मात्र त्यानें चाबूक बाजूला ठेवला. अधिकाऱ्यांच्या पानांत तो रोज वाढावयाचा, आणि खलाशांनीं घ्यावा कीं न घ्यावा हें त्यांच्या मर्जीवर सोडावयाचें, अशी व्यवस्था त्यानें केली. आठवडा संपण्यापूर्वींच मागणी एवढी वाढली कीं, कोबी मोजून देण्याची पाळी आली. वरिष्ठ ज्या वस्तूला मान देतात ती कनिष्ठांच्या नजरेंत आपोआप चढते, ही मनुष्यस्वभावाची खूण कुकनें आपल्या रोजनिशींत टिपून ठेवली आहे. जो अधिकारी स्वतः शिरस्त्राण न घालतां डेकवर हिंडतो, त्याची सुरक्षिततेची सूचना भिंतीवरच लटकत राहते, हें आजही तितकेंच खरें आहे.

दुसरा धडा संकटाच्या रात्रीचा. १९१२ सालच्या १४ एप्रिलच्या रात्रीं ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळली. त्या वेळीं ‘कार्पेथिया’ ही आगबोट सुमारें साडेसातशें उतारू घेऊन न्यूयॉर्कहून भूमध्य समुद्राकडे चालली होती. तिचा कप्तान आर्थर रॉस्ट्रन बेचाळीस वर्षांचा होता आणि या जहाजाची सूत्रें त्याच्या हातीं येऊन अवघे तीन महिने झाले होते. मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाच्या सुमारास बिनतारी यंत्रावरील तारमास्तर हॅरल्ड कॉटम धांवत त्याच्या खोलींत शिरला. झोपेंतून उठलेल्या रॉस्ट्रननें प्रथम जहाज वळविण्याचा हुकूम दिला आणि मग ‘बातमी पक्की ना?’ म्हणून पुन्हां विचारून खात्री करून घेतली. अंतर अठ्ठावन्न सागरी मैल सांगितलेलें, आणि जहाजाचा नेहमींचा वेग ताशीं चौदा मैलांच्या आसपास.

पुढें त्यानें जे हुकूम सोडले ते वाचण्यासारखे आहेत. विश्रांति घेणाऱ्या आगवाल्यांना उठवून बॉयलरवर पाठवावें. जहाजावरील तीन डॉक्टरांपैकीं एकेकानें एकेका वर्गाच्या भोजनगृहांत सज्ज राहावें. सूप, चहा, कॉफी आणि कांबळीं तयार असावीं. बाजूचे दरवाजे उघडून शिड्या सोडाव्या. अशक्तांसाठीं दोरांच्या खुर्च्या आणि लहान मुलांसाठीं कॅनव्हासच्या पिशव्या टांगाव्या. वर येणाऱ्या प्रत्येकाचें नांव टिपून घ्यावें. आपले उतारू गोंधळ करणार नाहींत अशा बेतानें प्रत्येक बोळांत एक नोकर उभा करावा. बर्फाच्या प्रदेशांतून वेगानें जाणें धोक्याचें होतें. म्हणून टेहळणीचीं माणसें दुप्पट केलीं आणि स्वतः कप्तान ब्रिजवर उभा राहिला. पहाटें चारच्या सुमारास ‘कार्पेथिया’ त्या जागीं पोंचली आणि सकाळीं साडेआठपर्यंत सातशेंहून अधिक माणसें तिनें होड्यांतून उचलून घेतलीं.

येथें धैर्य आहेच; परंतु केवळ धैर्यानें हें साधलें नसतें. कोणतें काम कोणाचें, हें प्रत्येकास ठाऊक होतें. हुकूम थोडक्यांत, स्पष्ट आणि योग्य माणसाला दिलेला होता. तो देणारा साहस आणि सावधगिरी ही जोडी एकत्र बांधून चालत होता.

तिसरा धडा त्याच रात्रीचा, पण उलट बाजूचा. जवळच ‘कॅलिफोर्नियन’ नांवाची आगबोट होती. तिचा कप्तान स्टॅन्ली लॉर्ड हा सावध माणूस. पुढें बर्फ दिसतांच त्यानें रात्रीं जहाज थांबविलें होतें. तिचा एकुलता एक तारमास्तर साडेअकराच्या सुमारास झोपीं गेला. मध्यरात्रीनंतरच्या पाळीवर असलेल्या दुय्यम अधिकाऱ्यानें व त्याच्या हाताखालील उमेदवारानें आकाशांत पांढरे अग्निबाण उडतांना पाहिले. एकंदर आठ मोजले. दुय्यम अधिकाऱ्यानें बोलण्याच्या नळींतून खालीं झोपलेल्या कप्तानास कळविलें. ते एखाद्या कंपनीचे खुणेचे अग्निबाण आहेत काय, असें कप्तानानें विचारलें आणि दिव्यानें संदेश पाठवीत राहा म्हणून सांगितलें. पुढें आणखी दोनदां वर्दी गेली. तरीही कप्तान वर आला नाहीं आणि तारमास्तराला कोणी उठविलें नाहीं. पहाटें साडेपांचच्या सुमारास त्याला जागें केलें, तेव्हां खरी हकीकत कळली. तोंवर सुमारें पंधराशें माणसें गेलीं होतीं.

१९१२ च्या ब्रिटिश चौकशींत ‘कॅलिफोर्नियन’वर कडक ठपका आला. १९९२ सालीं सरकारी अधिकाऱ्यांनीं हें प्रकरण पुन्हां तपासलें, तेव्हां हें जहाज समजलें गेलें त्याहून बरेंच दूर असावें आणि वेळेवर पोंचणें त्यास बहुधा शक्य नव्हतें, असा निष्कर्ष निघाला. परंतु अग्निबाण पाहून हालचाल करावयास हवी होती, हेंही तेथें मान्य झालें. म्हणजे दोष अंतराचा नव्हता, दखल न घेण्याचा होता. कनिष्ठानें वर्दी दिली, पण ‘साहेब, आपण स्वतः वर यावें’ असा आग्रह धरला नाहीं. आणि वरिष्ठानें ऐकलें, पण उठला नाहीं. दोघांनींही नियमाचें काम केलें, आणि नियमाच्या पलीकडचें काम तसेंच राहिलें. १९१४ सालीं लंडन येथें सागरी सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार ठरला, त्यांत उतारूंच्या मोठ्या आगबोटींवर बिनतारी यंत्राजवळ अहोरात्र पहारा ठेवण्याचें तत्त्व आलें. कायदा यंत्राजवळ माणूस बसवूं शकतो. त्याच्या तोंडीं शब्द आणि वरिष्ठाच्या कानीं लक्ष घालणें मात्र त्या जहाजाच्या कप्तानाच्याच हातीं असतें.

१९२७ सालीं मुंबई बंदरांत ‘डफरिन’ हें शिक्षणजहाज सुरू झालें आणि येथील तरुणांना व्यापारी आगबोटींवरील अधिकारी होण्याचें शिक्षण मिळूं लागलें. आज जगाच्या सर्व समुद्रांवर भारतीय अधिकारी काम करतात. त्यांच्या हाताखालीं निरनिराळ्या देशांचे, निरनिराळ्या भाषा बोलणारे खलाशी असतात, आणि महिनेच्या महिने घरापासून दूर राहावें लागतें. अशा जहाजावर ‘शंका आली तर मला उठवा’ हें वाक्य कप्तानाच्या रात्रीच्या हुकुमांच्या वहींत बहुधा लिहिलेलें असतें. प्रश्न एवढाच कीं, कोणी खरोखर उठविलें आणि शंका फोल ठरली, तर कप्तान काय करतो? तो चिडला, तर पुढच्या वेळीं त्या दारावर थाप पडणार नाहीं. त्यानें ‘उठविलेंत तें बरें केलेंत’ असें म्हटलें, तर सारंगापासून भंडाऱ्यापर्यंत सर्वांना कळतें कीं, येथें बोललें तर ऐकलें जातें. वादळ कधीं येईल हें कोणाच्या हातीं नाहीं. शांत रात्रीं दारावर पडलेल्या थापेला कसें उत्तर द्यावें, हें मात्र प्रत्येक अधिकाऱ्याच्या हातीं आहे.