मुक्याची हजेरी

आपल्या साहित्याने सशावर फार प्रेम केले आहे. पंचतंत्रातला ससा बलाढ्य सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावतो, जातककथेतला ससा अतिथीसाठी स्वतःचा देह अग्नीला अर्पण करतो, आणि चंद्रावरचा डाग पूर्वजांना सशासारखा दिसला म्हणून चंद्र शशांक झाला. पाठीवर पान पडताच आभाळ कोसळले असे समजून धावत सुटणारा भित्रा ससा तर आपल्यापैकी प्रत्येकाला बालपणीच भेटलेला असतो. या साऱ्या कथांतले ससे बोलतात, आणि भरपूर बोलतात. खरा ससा मात्र बोलत नाही. गाय हंबरते, कुत्रे विव्हळते, मांजर घर डोक्यावर घेते. ससा वेदना होत असतानाही मुकाट बसून राहतो. ही साधी गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती, आणि आमच्या अज्ञानाची किंमत एका निरपराध जिवाने दिली. तसे दुसऱ्या कोणाच्या घरी घडू नये, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी नातीच्या हट्टापुढे मान तुकवून आम्ही एक पांढरा ससा घरी आणला. मराठीच्या पदवीला स्मरून त्याचे नाव 'शशांक' ठेवले. घरातल्या मंडळींनी दुसऱ्याच दिवशी त्याचा 'शशी' करून टाकला. एका रविवारी सायंकाळी शशीने कोथिंबिरीच्या काड्यांना तोंड लावले नाही. आम्ही विनोदाने म्हणालो, "आज स्वारीची एकादशी दिसते." सोमवारी सकाळी सौ. म्हणाल्या, "आज पिंजऱ्यात झाडायला काहीच नाही हो." हे वाक्य आम्ही ऐकले आणि सोडून दिले. शशी कोपऱ्यात अंग चोरून, डोळे अर्धवट मिटून बसला होता. आम्हांस वाटले, किती शांत प्राणी! मंगळवारी सकाळी त्याचे कान हाताला गार लागले, तेव्हा कुठे आम्ही त्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात धावलो. डॉक्टरांनी पोट चाचपले आणि विचारले, "याने शेवटचे कधी खाल्ले?"

"रविवारी दुपारी," आम्ही म्हणालो.

ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "गुरुजी, सशाला आणायची वेळ रविवारची रात्र होती."

त्याच संध्याकाळी शशी गेला.

त्यानंतर आम्ही या विषयाची जमेल तेवढी माहिती करून घेतली. पहिली गोष्ट कळली ती सशाच्या मौनाची. ससा हा दुसऱ्यांचे भक्ष्य होणारा प्राणी. रानात जो लंगडतो, जो कण्हतो, त्याच्यावर शत्रूची पहिली झडप पडते. म्हणून दुखणे लपविणे हीच त्याच्या जातीची संरक्षणविद्या ठरली. आपल्या घरातला पाळीव ससा हा माळव्याच्या शेतांतून पळणाऱ्या रानसशाचा भाऊबंद नव्हे, स्पेन-पोर्तुगालकडच्या बिळांत राहणाऱ्या जातीचा तो वंशज. पण शेकडो वर्षे पिंजऱ्यात काढूनही ही वंशपरंपरागत विद्या तो विसरलेला नाही. म्हणून त्याचे दुखणे त्याने काय केले यावरून ओळखू येत नाही. त्याने काय केले नाही, यावरून ओळखावे लागते.

यातले पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे खाणे थांबणे आणि लेंड्या थांबणे. सशाचे आतडे अखंड चालणाऱ्या जात्यासारखे असते. दिवसभर गवत दळले जाते, मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेल्या प्रशस्त पिशवीत ते आंबते, त्यातून मऊ, द्राक्षांच्या लहानशा घोसासारख्या लेंड्या बनतात, आणि त्या ससा स्वतःच पुन्हा खाऊन त्यातले सत्त्व मिळवतो. हे किळसवाणे वाटले तरी त्याच्या आरोग्यास आवश्यक असते. कोरड्या, गोल लेंड्या तो दिवसाकाठी शंभराहून अधिक टाकतो. हे जाते थांबले की आत वायू धरतो, वायूने पोट दुखते, दुखते म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून जाते अधिकच थांबते. सशाला उलटी करता येत नाही. त्यामुळे ते संकट वरच्या वाटेने बाहेर पडण्याचाही मार्ग नसतो. दहा-बारा तास खाणे नाही किंवा लेंड्या नाहीत, तर ती तातडीची वेळ समजावी. लेंड्या अचानक बारीक किंवा वेड्यावाकड्या होऊ लागणे ही त्याच्या आधीची सूचना. शंका आली तर त्याचा आवडता पाला नाकापाशी धरावा. तोही त्याने नाकारला, तर उद्याची वाट पाहू नये.

पूर्वी समजूत अशी होती की पोटात केसांचा गोळा अडकल्याने असे होते. आता जाणकार सांगतात की बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. आतडे मंदावते म्हणून केस साचतात. मंदावण्याचे कारण बहुधा दुसरेच असते: गवत कमी आणि दाणा-बिस्किटे जास्त, भीती, किंवा दातांचे दुखणे. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. गवत चघळून ते झिजले नाहीत, तर दाढांना टोके येऊन जीभ आणि गाल सोलले जातात. लाळेने ओली झालेली हनुवटी, किंवा खाण्याच्या इच्छेने पाल्याजवळ येऊन पुन्हा मागे फिरणे, हे त्याचे चिन्ह. मोठ्याने दात करकरा चावणे ही तर वेदनेचीच भाषा.

याच पोटाचा एक अधिक भयंकर प्रकार आहे. सकाळी खेळणारा ससा दुपारी अचानक गळून पडतो आणि त्याचे पोट नगाऱ्यासारखे टणक फुगलेले लागते. तेथे प्रश्न दिवसांचा नसून तासांचा असतो. पोट चोळू नये, तोंडात काही कोंबू नये. सरळ दवाखाना गाठावा.

दुसरे लक्षण श्वासाचे. ससा नाकानेच श्वास घेतो. तोंड उघडून, मान वर ताणून तो श्वास घेऊ लागला, किंवा त्याचे ओठ निळसर दिसू लागले, तर प्राण कंठाशी आले आहेत असे समजावे. निवांत बसलेल्या सशाचे श्वास मिनिटाला साधारण ३० ते ६० असतात. आपला ससा निरोगी असतानाच ते एकदा मोजून ठेवावेत, म्हणजे पुढे तुलना करता येते.

तिसरे लक्षण अंगाच्या उष्णतेचे, आणि येथे माणसाचा अनुभव आपल्याला फसवतो. आपण तापाला भितो. सशाच्या बाबतीत अंग गार पडणे अधिक भयप्रद असते. त्याचे नेहमीचे तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सियस. ते ३८ च्या खाली उतरू लागले, कान थंड पडले आणि ससा निपचित झाला, तर शरीराचे व्यापार कोसळू लागले आहेत असे जाणावे. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली त्याच्या शेजारी ठेवून ताबडतोब निघावे. आम्ही मंगळवारी जे कान चाचपले, ते याच अवस्थेतले होते.

याउलट वैशाखात धोका उष्म्याचा. त्याला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यत्वे कानांवाटे बाहेर टाकतो. हवा ३० अंशांच्या आसपास गेली की त्याला जड जाऊ लागते, आणि आमच्या इंदुरात मे महिन्यात पारा ४० ओलांडतो. धापा टाकणे, लाळ गळणे, कान लालभडक होणे, तोल जाणे ही उष्माघाताची चिन्हे. सावलीत नेऊन कानांवर साध्या पाण्याने भिजवलेले फडके ठेवावे; बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, आणि तो सावरल्यासारखा दिसला तरी डॉक्टरांना दाखवावेच. पावसाळ्यात शत्रू माशीचा. मागचा भाग ओला किंवा घाण राहिला की माश्या तेथे अंडी घालतात, एका दिवसाच्या आत अळ्या होतात आणि त्या जिवंत मांस कुरतडतात. त्या दिवसांत रोज शेपटीखाली पाहावे. एक अळी दिसली तरी वेळ दवडू नये.

आणखी काही प्रसंग: मान एका बाजूस वाकडी होऊन ससा गरगरणे, झटके येणे, मागचे पाय ओढीत चालणे, मांजराचा दात लागणे, थांबत नसलेला रक्तस्राव, पिल्लाला पाण्यासारखे जुलाब. या सर्वांना त्याच दिवशी उपचार हवेत. सशाची लघवी कधीकधी खाण्यातल्या रंगाने तांबूस दिसते. केवळ रंगाने घाबरू नये. पण कुंथणे, रक्ताचे थेंब किंवा लघवी बंद होणे दिसले तर थांबू नये.

आता काय करू नये, तेही सांगितले पाहिजे. घरातल्या डब्यातली माणसांची औषधे देऊ नयेत. अमॉक्सिसिलिनसारखी, आपल्या ओळखीची औषधे तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातले उपयुक्त जंतू मरतात आणि जीव जाऊ शकतो. कुत्र्याच्या गोचिडांवर वापरतात ते फिप्रोनिल सशाला विषासमान आहे. कान धरून उचलणे हा क्रूरपणा आहे. आणि मागच्या पायांना आधार न देता उचलले तर लाथ झाडताना त्याचा कणाच मोडू शकतो. दवाखान्यात नेताना त्याला उपाशीही ठेवू नये. खोक्यात गवत घालावे, अंधार आणि शांतता ठेवावी, शेवटच्या लेंड्या कागदात बांधून सोबत न्याव्यात.

नेमक्या वेळी डॉक्टर शोधायला निघणे हीदेखील एक चूकच. आपल्याकडचे बहुतेक पशुदवाखाने गाई-म्हशींच्या सेवेत गुंतलेले. सशाचा अनुभव प्रत्येकाला असतोच असे नाही, यात त्यांचा दोष नाही. म्हणून ससा घरी येईल त्याच आठवड्यात चौकशी करावी: सशांवर उपचार कोण करतो, रात्री कोण भेटतो. आम्हा इंदूरकरांना १९५५ पासून चाललेले महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय पंचवीसेक किलोमीटरांवर आहे. बडोदेकरांना आणंदचे आहे. दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावून ठेवावा.

शशी गेल्यावर दोन वर्षांनी नातीने पुन्हा ससा आणला, पण या वेळी एका वहीसह. शाळेत आम्ही आयुष्यभर एक गोष्ट पाहिली आहे. वर्गात गोंधळ घालणाऱ्या मुलाकडे सर्वांचे लक्ष जाते, परंतु ज्याच्या घरी काही बिनसले आहे तो मुलगा बहुधा शेवटच्या बाकावर गप्प बसलेला असतो. त्याला ओळखण्याचे साधन एकच: रोजची हजेरी आणि मान वर करून एकदा पाहणे. नातीने सशाचीही हजेरी मांडली: सकाळ-संध्याकाळ खाल्ले का, लेंड्या किती, हिंडला का, श्वास कसा.

गेल्या थंडीत एका रात्री आठच्या सुमारास ती वही घेऊन आमच्यासमोर उभी राहिली. "आजोबा, दुपारच्या रकान्यात काहीच नाही." आम्ही चष्मा लावून रकाना पाहिला आणि उठून पायात चपला घातल्या. डॉक्टरांना एका दाढेचे टोक जिभेत रुतलेले सापडले. चौथ्या दिवशी सशाने गवत ओढले, आणि पाचव्या दिवशी सौ. म्हणाल्या, "आज पिंजरा झाडायला भरपूर आहे हो."

हे वाक्य ऐकून आम्हांस इतका आनंद होईल, असे आम्हांस पूर्वी कधी वाटले नसते.