पाण्यातला वारा

आमचा भंडारा तलावांचा जिल्हा. कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव आजही गावोगाव आहेत. म्हणूनच धाकटीने काचेच्या पेटीत मासे पाळायचा हट्ट धरला तेव्हा वनस्पती विकत आणण्याचे मला जिवावर आले. जवळच्या तलावातून हायड्रिला आणि फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया आणून लावली.

पंधरा दिवसांत पाने तपकिरी पडली, वर शेवाळ धरले. सौ. म्हणाली, "अहो, हे काही व्याकरण नव्हे!" मी इरेला पेटून मोठा पंप आणला. त्याच्या झोताने मुळेच उखडली. मासे कोपऱ्यात दडले. धाकटीच्या डोळ्यांना पाणी!

शेवटी वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना शरण गेलो. ते म्हणाले, "कार्बन डायऑक्साइड पाण्यात हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. पाणी निश्चल असले की पानाला स्थिर पाण्याचा थर चिकटून राहतो. त्यातला वायू संपला की पान उपाशी! हलका प्रवाह तो थर पातळ करतो, नवे अन्न पोहोचवतो. जोराचा प्रवाह मात्र पाने फाडतो."

"मग तलावात पंप कुठे असतो?"

"तिथे वारा असतो ना!"

मी लहान पंप लावून त्याचे तोंड काचेकडे वळवले. महिन्याभरात नवी पाने फुटली. नियम सोपा: पाने डोलली की पुरे, लोळू लागली की फार.

मुलांच्या अभ्यासालाही हाच नियम लावावा, असे सौ.चे मत. तिचा रोख कोणावर होता, हे सांगायला नकोच!