बेकरीची भट्टी बदलली, आता हिशेबही बदला

मुंबईच्या बेकरीवाल्यांवर जी वेळ आली आहे, तिचा विचार केवळ बेकरीवाल्यांनी करून भागणार नाही. जो कारागीर स्वतः माल बनवतो आणि दुसऱ्याच्या दुकानावर टाकतो, त्या प्रत्येकाने हा हिशेब समजून घेतला पाहिजे.

9 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात आदेश दिला. लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या व उपाहारगृहांनी सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर यावे, असा तो आदेश होता. महापालिकेच्या नोटिसा निघाल्या आणि जुलै 2025 मध्ये मुदत सरली. आदेशामागचे कारण खोटे नाही. मोडक्या फर्निचरचे, रंग लावलेल्या दारे-खिडक्यांचे लाकूड स्वस्त मिळते म्हणून अनेक भट्ट्यांत तेच जळत होते. त्याचा धूर सर्वांत आधी भट्टीसमोर उभ्या असलेल्या कारागिराच्या छातीत जात होता. तरीही खर्चाचा प्रश्न उरतोच, आणि तो कोणत्याही आदेशाने सुटत नाही.

माझा धंदा कापडाचा. खरेदीसाठी मूळजी जेठा मार्केटला महिन्यातून दोन फेऱ्या होतात. काम उरकले की भेंडीबाजारच्या बाजूला एका जुन्या बेकरीत चहा घेण्याचा माझा रिवाज आहे. या बेकरीत आता पुढच्या बाजूला सहा टेबले आली आहेत, कॉफीचे मशीन आले आहे आणि काचेच्या कपाटात नानखटाई, खारी, जिरा बिस्कीट, मावा केक मांडलेले असतात. मालक ओळखीचे आहेत. गेल्या फेरीत मी त्यांना म्हटले, "भाई, आज कॉफीपेक्षा तुमचा कारखाना बघायचा आहे." ते हसून मला मागे घेऊन गेले.

उरलेल्या आचेची कमाई

मागे जुनी विटांची भट्टी बंद पडून होती आणि शेजारी गॅसवर चालणारा नवा ओव्हन उभा होता. पस्तीस वर्षे त्या भट्टीवर काम केलेले उस्ताद तेथेच होते. त्यांनी जे समजावले ते प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकण्यासारखे आहे.

भट्टीत लाकूड पेटवून विटा तापवतात. मग निखारे बाजूला सारून लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने माल आत सोडतात. विटांची उष्णता एकदम जात नाही, ती हळूहळू उतरते. सर्वांत कडक आचेवर पाव आणि ब्रुन निघतो. आच थोडी उतरली की खारी. आणखी उतरली की नानखटाई, कारण तिला मंद आच लागते, नाहीतर वरून करपते आणि आत कच्ची राहते. शेवटी उरलेल्या उबेवर कापलेल्या पावाचे टोस्ट रात्रभर वाळत पडतात. आच किती उतरली हे पाहायला उस्ताद चिमूटभर मैदा आत टाकत आणि तो किती वेळात लाल होतो ते बघत. त्यांचे घड्याळ तेच होते.

म्हणजे लाकूड एकदाच जळत होते आणि त्यावर चार माल निघत होते. जळणाचा सगळा खर्च पाव उचलत होता. बिस्कीट आणि टोस्ट फुकटच्या आचेवर तयार होत होते, आणि बेकरीवाल्याचा खरा नफा त्यातच होता. नव्या ओव्हनमध्ये तसे नाही. जितका वेळ बर्नर चालेल तितका गॅस मोजावा लागतो. आता नानखटाईला स्वतःचे जळण स्वतः कमवावे लागते.

समजा, एक किलो नानखटाईला मैदा, तूप, साखर, मजुरी आणि डबा मिळून 200 रुपये लागले आणि घाऊक भाव 230 आहे. जुन्या भट्टीवर 30 रुपये सुटत होते. नव्या ओव्हनवर किलोमागे 20 रुपये गॅस धरला तर हातात 10 राहतात. नफ्याचे तीन भाग असतील तर दोन भाग गेले. तीच नानखटाई आपल्या काउंटरवर 300 रुपयांना विकली तर 100 चे 80 झाले. भाडे, वीज, काउंटरवरच्या मुलाचा पगार त्यातून जाईल हे खरे, पण माणूस उभा राहू शकतो. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत.

मालकही हेच म्हणाले, "सेठ, फक्त हॉटेलवाल्यांना पाव टाकत राहिलो असतो तर नव्या ओव्हनचे हप्ते भरताच आले नसते."

आमच्या धंद्यातील दाखला

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या बांधवांना हे नवे नाही. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे आणि लूमवाल्याच्या वाट्याला पिकामागे ठरलेली मजुरी. विजेचा दर वाढला तर तो लूमवाल्याच्या डोक्यावर, कारण भाव ठरवणारा तो नाही. दुकानांवर पाव टाकणारी बेकरी ही तशीच मजुरीवरची लूम आहे. ज्याचा ग्राहक समोर येऊन बसतो, तोच भावात दोन रुपये वाढवून कारण सांगू शकतो.

ही रीत जुनी आहे. इराणी मंडळींनी मुंबईत चहाचे टेबल आणि बिस्किटाचे कपाट एकाच छताखाली ठेवले. धोबीतलावचे 1904 सालचे क्यानी अँड कंपनी हे त्याचे उदाहरण. पुण्याच्या लष्कर भागात 1955 साली सुरू झालेल्या कयानी बेकरीने टेबल न ठेवताही श्रूजबेरी बिस्किटाच्या एका नावावर ग्राहकाला आपल्या दारात रांगेत उभे केले. सुरतेच्या डोटीवाला कुटुंबाची हकीकत तर आम्हा कापडवाल्यांना सुरतेच्या फेऱ्यांत ऐकायला मिळतेच. डच लोक गेले, त्यांची भट्टी या पारशी कुटुंबाकडे आली, पाव खाणारे साहेब कमी झाले. तेव्हा न खपलेला, वाळलेला पाव त्यांनी स्वस्तात विकला. लोकांना तो आवडला आणि पुढे मुद्दाम वाळवून बनवला जाऊ लागला. पडून राहिलेला माल फेकण्याआधी त्याचे दुसरे काय होईल हे पाहणे, हा धडा त्यात आहे.

टेबल मांडण्यापूर्वी

कॉफीचे मशीन आणले की धंदा चालतो, असे कोणी समजू नये. या बेकरीत मी दोन मुलांना एका कॉफीवर पाऊण तास बसलेले पाहिले. मालकांनी त्यावर तोड काढली आहे. कॉफीबरोबर दोन बिस्किटांची बशी एकाच भावात लावली आहे आणि उठताना पाव किलोचा डबा समोर दिसेल असे कपाट ठेवले आहे. कॉफी ग्राहक आणते, कमाई डबा करतो. रमजानच्या रात्री तर टेबले आवरून ती जागा खारी, टोस्ट आणि नानखटाईच्या विक्रीला दिली जाते.

दुसरी गोष्ट कराची. 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटे व केकवरील जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे. साध्या पावावर कर नाही, टोस्टवर 5 टक्के आहे. टेबलावर बसवून खाऊ घालणे मात्र उपाहारगृहाच्या सेवेत मोडते. म्हणून काउंटर आणि टेबल यांची वही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावी आणि कर सल्लागाराला दोन्ही दाखवाव्यात.

तिसरी गोष्ट माणसांची. या कारखान्यातील बहुतेक कारागीर उत्तर प्रदेशातून आलेले, रात्री काम करून दिवसा माळ्यावर झोपणारे. नवा ओव्हन आला तेव्हा दोघांना वाटले की आता आपली गरज संपली. आच ओळखण्याची उस्तादांची विद्या आता काट्यावर दिसते, हे खरेच आहे. पण नानखटाईचे पीठ किती मळायचे आणि कुठे हात थांबवायचा, हे काटा सांगत नाही. मालकांनी उस्तादांना काढले नाही, नव्या ओव्हनवर प्रत्येक मालाची आच आणि वेळ त्यांच्याकडूनच ठरवून घेतली. सुरुवातीचे काही घाण वाया गेले, मग माल पूर्वीसारखा निघू लागला.

ज्या बेकरीवाल्या बांधवांनी अजून काउंटर उघडलेले नाही, त्यांनी एकदम सहा टेबले मांडू नयेत. कारखान्याच्या दारातच एक कपाट ठेवावे, आपला सर्वांत चांगला एकच जिन्नस आपल्या नावाच्या डब्यात भरावा आणि तीन महिने त्याची वही लिहावी. पुढचे पाऊल टाकायचे की नाही, ते त्या वहीवरून ठरवावे.