ऐकता ऐकता रेखाटणे

शिवडीच्या किल्ल्यावरून पूर्वेस पाहिले असता ओहोटीच्या वेळी चिखलाचे विस्तीर्ण पटांगण उघडे पडलेले दिसते. गेल्या काही दशकांपासून हिवाळा ते ग्रीष्म या काळात त्यावर रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरत आले आहेत. या वस्तीतील एखाद्या शाळेत गुरुजींनी याच पक्ष्याचा पाठ घेतला, अशी कल्पना करावी. ‘रोहित पक्षी चोच उलटी धरून पाण्यातील सूक्ष्म अन्न गाळून घेतो,’ हे वाक्य मुले वहीत उतरवून घेतात. एकाही वहीत चूक नसते. आता त्याच मुलांस तोच प्रसंग चार रेघांत काढावयास सांगावे. कित्येक वह्यांत कावळ्याप्रमाणे चिखलात चोच खुपसणारा पक्षी उभा राहील! ‘उलटी’ हा शब्द हाताने लिहिला होता. मनाने तो पाहिलाच नव्हता.

वाक्याखाली झाकलेले अज्ञान रेघेत उघडे पडते, हा या पद्धतीचा खरा उपयोग होय. मान खाली वाकली म्हणजे चोचीचा वरचा भाग कोठे येतो, असे विचारताच मूल स्वतःचीच मान वाकवून पाहते आणि खोडरबर हाती घेते. मग जीभ पाणी आत ओढते, कंगव्यासारख्या पट्ट्यांतून ते बाहेर जाते व शेवाळ मागे उरते, हे बाणांनी दाखविता येते. शेवाळापासून पिसांपर्यंत आणखी एक बाण काढला की गुलाबी रंगाचे कारणही कळते. ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा का येते, हे शब्दांत सांगताना मोठ्यांचीही तारांबळ उडते. पृथ्वी व चंद्र यांची दोन वर्तुळे काढली की ते पुष्कळ सोपे होते.

कोमेनियसने १६५८ मध्ये मुलांसाठी सचित्र पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. तथापि त्यातील चित्रे आयती होती. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, लिहून काढलेल्या शब्दांपेक्षा रेखाटलेले शब्द अधिक स्मरणात राहिले. नुसते तयार चित्र पाहण्याचा लाभ तितका झाला नाही. चित्र सुबक असण्याची गरजही दिसली नाही.

आपल्याकडे अडचण येते ती येथेच. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या परीक्षांमुळे रेखाटन म्हणजे चित्रकलेच्या तासाचा विषय, अशी समजूत घरोघर रूढ आहे. ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणून मूल मोकळे होते, आणि पालकही सुवाच्य वही पाहून समाधान पावतात. ज्याचे लेखन सावकाश चालते, त्या मुलाची गणना मात्र मंदांत होते. मग त्याने पाठ कितीही नीट ऐकलेला असो.

अर्थात व्याकरणाचा नियम किंवा कवितेचा भाव यांस बाण फारसे उपयोगी पडत नाहीत, आणि शब्दांस रजाही देता येत नाही. आकृतीखाली दोन ओळी हव्यातच. गुरुजींनी पाच मिनिटे बोलावे, दोन मिनिटे थांबावे. फळ्यावर आकृती काढलीच, तर ती पुसून मगच मुलांस वह्या उघडावयास सांगावे.