‘ठाण्याला पाठवा’ या थट्टेची किंमत

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. त्याच्यापायी मराठी बोलीत एक थट्टा येऊन बसली. कोणी जरा निराळे वागले की, ‘याला ठाण्याला पाठवा!’ पुण्याकडे हीच थट्टा येरवड्याच्या नावाने होते. आम्ही ठाणे-कल्याण-डोंबिवलीकर ती ऐकतो, हसतो, प्रसंगी स्वतःही करतो. वास्तविक मनाचा आजार हा इतर आजारांसारखाच. त्यात लाजण्याजोगे काही नाही. परंतु या थट्टेची किंमत, जी मुले आजारी मुळीच नाहीत, त्यांनाही मोजावी लागते.

ही मुले कोणती? काही स्वमग्न असतात. ती उशिरा बोलतात, नजरेला नजर देत नाहीत, एकच खेळ तासन्‌तास खेळतात; पाडव्याच्या स्वागतयात्रेतला ढोल कानी पडताच कान झाकून आक्रोश करतात. काही अतिचंचल असतात. काहींची बुद्धी चांगली, पण अक्षरांशी किंवा अंकांशी गट्टी जमत नाही. तोंडी उत्तर बिनचूक, वही मात्र तांबड्या शाईने भरलेली. हा मेंदूच्या घडणीतला फरक होय. तो आईच्या हयगयीने येत नाही आणि छडीने जात नाही.

मग वेळीच तपासणी का होत नाही? ‘लोक काय म्हणतील?’ या एका प्रश्नापायी. ‘बोलेल हो उशिरा, याचे वडीलही उशिराच बोलले,’ अशी समजूत घालण्यात वर्षे जातात. स्वमग्नता घालवणारे औषध नाही. परंतु वाचा-उपचार आणि खेळातून शिक्षण जितके लवकर सुरू होईल, तितका मुलाचा लाभ अधिक. वाया जातात ती नेमकी हीच वर्षे.

कायदा या बाबतीत आमच्या पुढे गेला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगतेचे २१ प्रकार मानले. त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता दोन्ही आहेत. अतिचंचलतेचा स्वतंत्र उल्लेख नाही, ही उणीव खरी. अध्ययन-अक्षमता शाळेने लवकरात लवकर ओळखावी, परीक्षेत जादा वेळ व लेखनिक द्यावा, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट द्यावी, अशी तजवीज त्यात आहे. ही दया नव्हे. अधू डोळ्यांना चष्मा द्यावा, तसेच हे. मात्र दाखल्यावाचून सवलत नाही, आणि तपासणीवाचून दाखला नाही.

याहून कठीण प्रश्न पुढचा. ‘आमच्यामागे याचे कोण?’ स्वमग्न किंवा मतिमंद मुलाच्या आईबापांची झोप याच प्रश्नाने उडते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार अशा मुलाला अठरा वर्षांनंतरही पालक नेमून देता येतो. ते काम जिल्हास्तरीय समितीचे, आणि आमच्या जिल्ह्याचे ठिकाण ठाणेच! महापालिकेची विशेष मुलांसाठीची ‘जिद्द’ शाळाही ठाण्यातच आहे.

तेव्हा मुलाला ठाण्याला न्यावे, ते त्याचा हक्क मिळवण्यासाठी. आणि शेजारचे मूल कान झाकून ओरडू लागले, तर आम्ही टक लावून पाहू नये. गोंगाट कमी करावा आणि त्याच्या आईला बसायला जागा द्यावी. एवढ्याला कोणताही कायदा लागत नाही.