आमच्या गावाची चिठ्ठी

ढोकीहून येडशीमार्गे बार्शीला जाणाऱ्या एसटीनं मी बँकेच्या नोकरीत कितीदा तरी गेले असेन. पण २००१ सालातला एक प्रवास अजून जसाच्या तसा आठवतो. घरी सांगितलं होतं, 'बँकेच्या कामाला चालले आहे.' आयुष्यात नवऱ्याशी खोटं बोलले ते बहुधा तेवढंच.

तेव्हा माझी शाखा ढोकीजवळच्या एका खेड्यात होती आणि बिऱ्हाडही तिथंच होतं. गावात आरोग्यसेविका आल्या. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी ३० ते ५९ वयाच्या बायकांची तपासणी करायची होती. 'काही होत नसताना तपासायचं कशाला?' असं जो तो घर विचारी. मॅडम गेल्या की चारजणी येतील, म्हणून मला पुढं केलं. एका लहानशा ब्रशनं नमुना घेतला आणि पाच मिनिटांत सुटका झाली. काही दिवसांनी बोलावणं आलं, ते मात्र मला. 'विषाणू सापडलाय, कॅन्सर नव्हे,' असं सेविका परोपरीनं सांगत होती. माझ्या कानात एकच शब्द राहिला.

एसटीत शेजारी एक शेतकरी बाई होती. न राहवून तिला सगळं सांगितलं. घरच्यांना सांगवत नाही ते परक्या माणसाला सांगता येतं. ती म्हणाली, "आमच्या गावात निस्ती माहिती सांगून गेल्या बाया. तुमच्यात तपासत्यात, मग आमच्यात का न्हाई ओ, ताई?"

"येतील की," मी म्हणाले. खरं तर मलाही ठाऊक नव्हतं.

बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात बाकावर माझ्यासारख्याच पाच-सहाजणी होत्या. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. आत गेल्यावर सौम्य आम्ल लावलं. लोणच्याच्या व्हिनेगरसारखा वास आला. दुर्बिणीतून पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पांढरा डाग आहे, पण सुरुवातीचा. गोठवून टाकू." थंडगार सळईचा स्पर्श, पोटात एक कळ, एवढंच. संध्याकाळी मी घरी पोळ्या लाटत होते. लाटता लाटताच नवऱ्याला खरं सांगितलं.

त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर मला पुढं २००९ साली मिळालं. हा सगळा खटाटोप म्हणजे टाटा मेमोरियल, बार्शीचं हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांचा मोठा अभ्यास होता. त्या वर्षी तो 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. गावांचे ५२ समूह केले होते आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची चार गटांत वाटणी झाली होती. तीन गटांत तीन तऱ्हेच्या तपासण्या झाल्या. चौथ्याला आरोग्यशिक्षण मिळालं, तपासणीसाठी कुठं जावं तेही सांगितलं. तपासणी मात्र दिली नाही.

बँकेतली सवय, मी आधी आकडे पाहिले. विषाणूची तपासणी झालेल्या गटात ३४,१२६ बायका होत्या. आठ वर्षांत त्यांतल्या ३४जणी या कर्करोगानं गेल्या. चौथ्या गटात ३१,४८८ बायका होत्या आणि ६४जणी गेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते.

चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढं जाणकारांत कडाक्याचा वाद झाला. तुलनेशिवाय पुरावा मिळत नाही आणि तेव्हा खेड्यांत अशी नियमित तपासणी नव्हतीच, असं एक बाजू म्हणते. उपाय ठाऊक असताना माणसं नुसती मोजत कशी बसलात, असं दुसरी विचारते. माझ्याच्यानं निकाल देववत नाही, कारण माझी चिठ्ठी चांगली निघाली होती. बसमधल्या बाईची बहुधा दुसरी निघाली. ती मला पुन्हा भेटली नाही.

एवढं मात्र कळतं की, ते ज्ञान फुकट मिळालेलं नाही. या आणि अशा अभ्यासांच्या आधारावर जागतिक आरोग्य संघटना आज तिशीपासून विषाणूची तपासणी करायला सांगते. मुलींसाठी प्रतिबंधक लसही आहे. तरी 'काही होत नाही ना?' म्हणून आपण घरीच बसतो.

मागच्या महिन्यात मी सुनेला तपासणीला घेऊन गेले. ती म्हणाली, "आई, मला कुठं काय होतंय?"

मी म्हटलं, "म्हणूनच चल."