चौकट : जुळत नसेल तर टॅग लावा

नंदुरबार जिल्ह्यात विमानदुरुस्तीचे मोठे केंद्र नाही. इथून जवळचे म्हणजे नाशिकजवळच्या ओझरचा हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो. तिथे मिग-२९ आणि सुखोई-३० एमकेआय विमानांचे ओव्हरहॉल होते. नागरी विमानांसाठी नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियाकरिता उभारलेले केंद्र २०१५पासून आहे.

नागरी केंद्रांना डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाचा सीएआर-१४५ हा नियम लागू होतो. सुटा भाग, माप, हत्यार किंवा कागद ठरलेल्या मानकाशी जुळला नाही, की ती ‘नॉन-कन्फॉर्मन्स’. असा भाग टॅग लावून क्वारंटाइन स्टोअरमध्ये वेगळा ठेवतात. ऑडिटमधली त्रुटी सुरक्षेला गंभीर धोका देणारी असेल तर ती लेव्हल १. मग केंद्राची मान्यताही स्थगित होऊ शकते. लेव्हल २च्या त्रुटीला मुदत मिळते, पण मूळ कारण शोधावेच लागते. खरे काम हेच.

का, ते १० जून १९९० रोजी दिसले. ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॉकपिटची काच हवेतच उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. तो वाचला. सुमारे २७ तास आधी काच बदलताना बसवलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ व्यासाने ०.०२६ इंच बारीक होते. नवे बोल्ट जुन्याशी ताडून, नजरेच्या अंदाजाने निवडले होते. मला अधिक गंभीर वाटते ते पुढचे : काढलेले जुने बोल्टही कॅटलॉगमधल्या मापापेक्षा आखूड होते, आणि तेव्हा कुणी टॅग लावला नव्हता.